मूर्तिकार काकांना, आमच्या गोठ्यातल्या सगळ्यांकडून

काका, नमस्कार.

तुमच्याकडे अजून तो बटणांचा फोन आहे त्यामुळे हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, पण तुमचा मुलगा आणि सूनबाई दोघंही मोबाईलवर असतात, त्यांच्यापैकी कुणीतरी जेवताना वाचून दाखवेलच. समोर येऊन बोलायचा प्रयत्न मी दोनदा केला, दोन्ही वेळा तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून पेणचा टेम्पो कधी येणार ते सांगायला लागलात. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

काल आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार झाला. घरी पहिली जांभळी मेणबत्ती लावली आणि संध्याकाळी मुलाने माळ्यावरून गोठ्याच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, मूर्त्यांची ट्रंक खाली काढून दिली. दरवर्षी ती ट्रंक उघडली की तुमची आठवण निघतेच, आई म्हणते "त्या गणपतीवाल्यांना फराळ पाठवायचाय हां", आणि मी मनात म्हणते की फराळ जातो पण आभार राहूनच जातात. सात वर्षं झाली आता.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी जरा मागचं सांगायला हवं. आम्ही वसईचे. आमच्याकडे नाताळ म्हणजे दोन गोष्टी, अंगणात चांदणी, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा कंदील, आणि ओटीवर गोठा. झाड नंतर आलं, ते पण सुरूची फांदी, समुद्रावरून आणून तेलाच्या डब्यात वाळू भरून रोवायची आणि वर दवाखान्यातला कापूस पसरायचा. वसईत बर्फ कुणी बघितलेला नव्हता पण ग्रीटिंग कार्डात असायचा ना, म्हणून कापूस. पण झाड चुकलं तरी चालेल, गोठा चुकता कामा नये असं पप्पांचं होतं. केळीच्या वाडीतून वाळलेलं सोपट आणून छप्पर, आत भाताचा पेंढा, मागे खळीत बुडवलेल्या गोणपाटाचे डोंगर, ते वाळले की कडक व्हायचे, मग त्यांना गेरूचा हात. आई डिसेंबरच्या दहा तारखेच्या आसपास पत्र्याच्या ताटल्यांत माती घालून गहू पेरायची, पहिले दोन दिवस वर ओलं फडकं झाकून ठेवायचं आणि कुणी उचलून बघितलं तर फटका, मग चोवीस तारखेपर्यंत चांगले चार-पाच बोटं उंच हिरवे कोंब यायचे आणि ती आमच्या गोठ्यातली शेतं. आरशाचा तुकडा म्हणजे तळं. हे सगळं दरवर्षी नव्याने करायचं आणि सहा जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण झाला की उतरवायचं, मूर्त्या सोडून काही जपून ठेवायचं नाही.

तर मूर्त्या. पप्पा परळला गिरणीत होते, रोजची विरार लोकल. पूर्ण सेट एकदम घ्यायची ऐपत नव्हती, त्यामुळे सुरुवातीला आमच्या गोठ्यात कार्डांवरची चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली माणसं असायची. मग दिवाळीच्या बोनसमधले थोडे पैसे बाजूला ठेवून मुंबईहून एकेक आणायला लागले. आणि आणलं की पहिलं काम, दादाच्या कंपासपेटीतलं करकटक घ्यायचं आणि मूर्तीच्या बुडाला साल कोरायचं. १९७८ ला मरिया, योसेफ आणि बाळ येशू. १९७९ ला बैल. १९८० ला गाढव. १९८१ ला मेंढपाळ आणि दोन मेंढरं. मी तेव्हा सात वर्षांची, मेंढरं कापसात गुंडाळून आणलेली आणि घरी येईपर्यंत कापूस कोणता आणि मेंढरू कोणतं कळत नव्हतं असं मला आठवतंय, कदाचित ते पप्पांनी सांगितलेलं असेल.

१९८२ चं काही नाही. १९८३ चंही नाही.

जानेवारी ८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला तो सगळ्यांना माहितीय. पप्पा घरी. आणि मला कुणी विचारलं ना की तुमच्या घरची आवडती सजावट कुठल्या वर्षीची, तर मी ८२ चीच सांगते. पैसे नसले की सण गोड होतो असलं काही मला म्हणायचं नाहीये, आईने त्या वर्षी केक केला नव्हता, फक्त कुलकुल केले होते तेही मोजून, आणि रात्री दोघं हळू आवाजात बोलायचे ते आम्हाला ऐकू यायचं. पण चांदणी. चांदणीला पतंगी कागद लागतो, तो आणायचा नाही असं ठरलेलं. पप्पांनी बांबू फोडून दहा कामट्या काढल्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधल्या, एकीवर एक ठेवून टोकं सुतळीने आवळली आणि मध्ये पाच ठिकाणी आडव्या खुंट्या घालून पोट फुगवलं, हे दरवर्षीचंच, पण त्या वर्षी वेळच वेळ होता म्हणून चांदणी केली माणसाच्या उंचीची. आणि कागद म्हणून जुनी वर्तमानपत्रं. मैद्याच्या खळीने चिकटवली, वाळल्यावर चिंधीने वरून गोडं तेल फिरवलं. तेल लागलं की कागदातून उजेड पार होतो. आत चाळीसचा बल्ब. रात्री लावली तेव्हा सगळी चांदणी पिवळी आणि तिच्यावर काळी अक्षरं, अंगणात उभं राहून वाचता येत होती, संपाच्याच बातम्या, मोर्चा, बोलणी फिसकटली वगैरे, दादा मान वाकडी करून मोठमोठ्याने वाचत होता आणि पप्पा खुर्चीवर बसून ऐकत होते. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं बघायला आली. त्या चांदणीचा फोटो नाही आमच्याकडे. कुठून असणार.

पुढे पप्पांना वसई पूर्वेला एका छोट्या कारखान्यात काम मिळालं आणि १९८४ ला देवदूत आला. मग ८५, ८६, ८७ दरवर्षी एकेक राजा. ८५ ला एकच राजा बघून शेजारची पोरं हसली तेव्हा पप्पा म्हणाले शुभवर्तमानात, म्हणजे बायबलात, राजे किती ते लिहिलेलंच नाही, जाऊन बघा. आम्ही खरंच जाऊन बघितलं, नाहीच लिहिलेलं. तो राजा आम्ही गोठ्यात ठेवत नव्हतो, रेडिओच्या फळीवर ठेवायचो आणि रोज वीतभर पुढे सरकवायचो, सहा जानेवारीला गोठ्यात पोचायला हवा असा हिशोब दादाने काढलेला. ही प्रथा आजही चालू आहे, फक्त रेडिओच्या जागी आता वायफायचा डबा आहे. बाळ येशू तर काय, चोवीसच्या मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, होऊन घरी येईपर्यंत गव्हाण रिकामी, आणि बाळ आईच्या कपाटात साडीखाली.

नव्वदनंतरचं मी पटकन सांगते कारण त्यात आमच्या हाताचं फार काही नाही. घडीचं प्लॅस्टिकचं झाड आलं, चायनीज लायटिंग आली, त्यातला एक बल्ब गेला की सगळी माळ बंद आणि पप्पा रात्रभर एकेक बल्ब काढून बघणार. मग माझं लग्न, फ्लॅट, गॅलरीत रेडिमेड चांदणी, बुटांच्या खोक्यातला गोठा. दादा परदेशात गेला. पप्पा गेले २०१४ ला. त्यानंतर मी आणि मिस्टर मुलाला घेऊन आईकडे जुन्या घरी राहायला आलो, आणि ट्रंक माझ्या ताब्यात आली.

आणि मी ती पलंगाखाली ठेवली. ही माझी चूक, ती मला इथे लिहायचीच आहे. पप्पा कायम माळ्यावर ठेवायचे. मला वाटलं कोण वर चढणार.

जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. गाड्या बंद, लाईट नाही, आमच्या बैठ्या घरात कमरेला थोडं कमी एवढं पाणी. आम्ही आईला घेऊन चुलतभावाच्या वरच्या मजल्यावर. चौथ्या दिवशी घरात आलो तेव्हा आधी गॅस, मग धान्य, मग कागदपत्रं, आणि ट्रंक मला आठवली तीच मुळी संध्याकाळी. उघडली तर वरपर्यंत गढूळ पाणी. मूर्त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या, कागद प्लॅस्टरला चिकटून बसलेला, ओढला तर रंगासकट निघायचा, योसेफाच्या पाठीवर बातमीची अक्षरं उलटी उमटलेली. गाढवाचा कान गेला. एका राजाचं नाक गेलं. ८१ मधल्या एका मेंढराला हात लावला तर हातातच भुगा झाला. मी तशीच ओल्या लादीवर बसले. आई मागे उभी होती, काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं.

चौकशी केली तर सगळ्यांचं एकच, प्लॅस्टर भिजलं की संपलं, नवीन सेट घ्या, आता तर ऑनलाईन घरपोच मिळतात. मिस्टरांनी मोबाईलवर चारपाच दाखवले पण, चांगल्या मनाने. सुंदर होते. मला बघवेनात.

आणि मग मी घमेल्यात अकरा मूर्त्या ठेवून वर टॉवेल टाकून तुमच्याकडे आले. तुम्हाला आठवत असेल, ऑगस्ट, ऐन सीझन, आत पेणहून आलेल्या पांढऱ्या गणपतींच्या रांगा, पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्ही दातात एक ब्रश धरून दुसऱ्याने डोळ्यांची आखणी करत होता. त्या वेळी तुमच्याशी कुणी बोलत नाही हे मला माहीत नव्हतं, तुमच्या मुलाने खुणेने थांबवलं. खरं सांगते काका, रस्त्यात मला दोनदा परत फिरावंसं वाटलं. वाटलं गणपतीच्या कारखान्यात हे घेऊन जायचं म्हणजे यांना काय वाटेल, आणि आमच्यातल्यांना कळलं तर त्यांना काय वाटेल. तुम्ही तो डोळा पुरा केला, ब्रश पाण्यात टाकला, टॉवेल उचलला, बघितलं, आणि विचारलंत काय, तर "किती दिवस पाण्यात होत्या?" बस. कोणाच्या, कशाच्या, काही नाही.

मग म्हणालात, "चतुर्थीपर्यंत हात लावणार नाही. पण सुकायला आजच ठेवू. ऊन नको, फॅन पण नको. सावलीत आपापल्या वेळेने सुकू दे, घाई केली तर तडकतील." आणि त्या भरलेल्या कारखान्यात तुम्ही एक फळी रिकामी केलीत. तिथल्या दोन मूर्त्या उचलून स्वतःच्या झोपायच्या जागेवर ठेवल्यात, ते मी बघितलं होतं. त्या वर्षी १३ सप्टेंबरला गणपती होते. म्हणजे महिनाभर त्या फळीवर, मंगलमूर्तींच्या मधोमध, आमची मरिया आणि योसेफ सावलीत सुकत होते. मी जातायेता तीन वेळा डोकावले. एकदा तर कुणीतरी फळीखाली निरांजन ठेवलेलं होतं, कुणी ठेवलं ते मी विचारलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

मला वाटलेलं रंगवून ठेवल्या असतील, नव्यासारख्या. होत्याच. सगळा सुटलेला रंग ब्लेडने खरवडून, भेगा भरून, पॉलिश पेपर मारून, पांढरा हात देऊन मग रंग, गाढवाच्या कानाला आत तार आणि काथ्या घालून नवीन कान. बैलाला तुम्ही वेसण काढलीत, आमच्या बैलाला ती कधी नव्हती. राजांच्या मुकुटांना सोनेरी आणि वर बारीक खडे. मी विचारलं खडे कसे काय, तर तुम्ही उलट मला विचारलंत, "राजे कुठले?" मी म्हटलं पूर्वेकडचे. तुम्ही म्हणालात, "मग आपल्याकडचेच की."

पण फळीवर त्या मांडल्या कशा होत्या! मरिया, योसेफ, बाळ, मग बैल, मग गाढव, मग मेंढपाळ, उरलेलं एक मेंढरू, मग थोडी मोकळी जागा, मग देवदूत, मग तीन राजे. आधी मला कळेना की ही कसली मांडणी, देवदूत असा मध्येच कशाला. मग लक्षात आलं. सालाप्रमाणे. तुम्ही प्रत्येकाचं बूड वाचलं होतं. सगळीकडे नवा रंग, फक्त बुडाला ब्रश लागू दिला नव्हता. कोरलेल्या रेघांत गाळ बसलेला तेवढा टाचणीने काढून ठेवलेला. पप्पांची ती १ काढायची पद्धत, वर छोटी शेपटी, जशीच्या तशी.

मी तुम्हाला बुडाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं काका. सांगायचं राहूनच गेलं होतं. घरी जाऊन मला रात्री दोन वाजता आठवलं होतं की त्यांनी खालूनही रंग मारला तर, आणि मग लाज वाटून मी फोन केला नाही.

तुम्ही त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारलंत, "ब्याऐंशी-त्र्याऐंशीला काय झालं?" मी म्हटलं संप. तुम्ही जरा वेळ काही बोललाच नाहीत. मग म्हणालात, "आमचे वडील पण गिरणीतच. त्याच वर्षी आम्ही हे काम धरलं." आणि लगेच आत जाऊन चहा सांगितलात. तो चहा आपण दोघांनी त्या फळीसमोर उभं राहून प्यायला, त्यात बोलणं काहीच झालं नाही, पण मला तो अजून आठवतो.

पैशांचं तुम्ही रंगाचे तीनशे घेतलेत, वर एक रुपया नाही. आणि निघताना खिशातून कागदाची पुडी काढलीत, त्यात शाडूचं मेंढरू. "एक कमी आहे म्हणालात ना." बुडाला तुमच्या हाताने २०१८.

घरी आणल्या तेव्हा आईने पहिल्यांदा मरिया उचलली आणि चेहरा न बघता सरळ उलटी केली. चष्मा लावून साल वाचलं. मग सुलटी करून बघत बसली. आमच्या जुन्या मरियेचे डोळे म्हणजे खाली बघणाऱ्या दोन रेघा होत्या. तुम्ही काढलेले डोळे लांब, कानाकडे गेलेले, गौरीला काढता तसे. आई म्हणाली, "आता बघतेय आपल्याकडे." नाताळात एक नातेवाईक बाई आलेल्या, त्या म्हणाल्या ही काही आपली मरिया वाटत नाही हो. आईने विचारलं, मग कोणाची वाटते? पुढे कुणी काही बोललं नाही.

तुम्ही २७ डिसेंबरला काकूंना घेऊन आलात, पेढे आणि नारळ घेऊन, ओटीखाली चपला काढून गोठ्यासमोर बराच वेळ उकिडवे बसलात. माझा मुलगा तुम्हाला सगळं समजावत होता, राजे अजून का लांब आहेत वगैरे. तुम्ही त्याला कोंबांकडे बोट दाखवून म्हणालात, माझं मेंढरू शेतात ठेवू नकोस, कच्ची माती आहे, पाणी लागलं तर जाईल. तेव्हापासून ते मेंढरू डोंगरावर असतं. एकटंच, सगळ्यांच्या वर. दादा व्हिडिओ कॉलवर दरवर्षी विचारतो ते वर काय करतंय, आणि मुलगा दरवर्षी तुमचं नाव सांगतो.

अजून दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. २०२० ला रात्रीची संचारबंदी होती, मध्यरात्रीची मिस्सा नाही, देवळात कधी नाही इतकं लवकर सगळं आटोपलं. बारा वाजता घरातच दिवे घालवून आईने कपाटातून बाळ आणलं आणि मुलाने मोबाईलचा टॉर्च धरला. त्या उजेडात तुमचा ब्रश किती बारीक फिरलाय ते मला पहिल्यांदा दिसलं, बाळाच्या एकेका पापणीचा केस वेगळा काढलेला. दिवसा कुणाला दिसणारही नाही असं काम. आणि २०२३ ला, संत फ्रान्सिस आसिसीकरांनी इटलीत ग्रेचोला १२२३ मध्ये पहिला गोठा केला त्याला आठशे वर्षं झाली म्हणून आमच्याकडे सगळीकडेच गोठ्यांचं खूप बोलणं झालं. त्यांनी तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलेलं, गव्हाणीत खरा चारा. मुलगा म्हणाला मग त्या बैलाला पण वेसण असणार ना, म्हणजे काकांचं बरोबर आहे. मी म्हटलं असणारच.

काका, मूर्त्या दुरुस्त केल्याबद्दल आभार मी त्याच दिवशी मानले होते, तेवढे तुम्ही ऐकूनही घेतले होते. हे आभार बुडांचे आहेत. दोनशे गणपतींची घाई असताना, भिजलेली, दुसऱ्याच्या देवाची मूर्ती हातात घेऊन तुम्ही ती उलटी करून बघितलीत, आणि जे वाचलंत ते पुसलं नाहीत.

या वर्षी चांदणी आम्ही पुन्हा कामट्यांची करतोय, मुलगाच करतोय, वर्तमानपत्राची आणि तेल लावलेली. आजीकडून सगळी कृती लिहून घेतली त्याने. २७ ला या, काकूंना आणि सूनबाईंना घेऊन या, संध्याकाळी या म्हणजे चांदणी लागलेली असेल.

आणि एक. काल ट्रंक उघडली तर मेंढराचा डावा कान तुटलेला निघाला, तुकडा कागदातच होता, जपून ठेवलाय. आत्ता तुम्ही माघीच्या गडबडीत असाल, त्यामुळे हा नाताळ ते तसंच उभं राहील. माघी गणपती झाले की घेऊन येते. फळीवर जागा ठेवा.

तुमची,
गोठावाली ताई